बायोप्सीच्या लिस्टमधले कॅन्सर कोड दर महिन्याला ‘मार्च-००’ होतात: कारण आणि पक्का उपाय

आमची लॅब टिळक रोडच्या मागच्या गल्लीत आहे, हिस्टोपॅथॉलॉजीची, म्हणजे बायोप्सीचे तुकडे मायक्रोस्कोपखाली तपासण्याची. पुण्यातली छोटी हॉस्पिटलं आणि चाकण, तळेगाव, बारामतीकडची नर्सिंग होम्स यांच्या बायोप्सी येतात. रिपोर्ट आमच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडम साईन करतात, रिपोर्टिंग सॉफ्टवेअर आणि कोडिंग मी बघते. महिना संपला की मागच्या महिन्याच्या सगळ्या केसेसची लिस्ट सॉफ्टवेअरमधून काढायची, त्यात प्रत्येक केससमोर निदानाचा कोड असतो, आणि ती लिस्ट हॉस्पिटलच्या ट्यूमर बोर्डाला (कॅन्सरच्या केसेसवर एकत्र बसून ठरवणारे डॉक्टर) आणि कॅन्सर नोंदणीचं काम बघणाऱ्यांना पाठवायची, एवढंच काम. पण दर महिन्याला ती लिस्ट एक्सेलमध्ये उघडली की कोडच्या कॉलममध्ये मध्येच ‘मार्च-००’, ‘मार्च-४०’, ‘फेब्रुवारी-००’ असं काहीतरी दिसायचं (स्क्रीनवर महिना इंग्रजी तीन अक्षरांत येतो). जवळजवळ दीड वर्ष आम्ही ते हाताने दुरुस्त केलं, एकेक रिपोर्ट उघडून, आणि पुढच्या महिन्यात परत तेच. आता ते बंद झालंय, म्हणून सगळं सविस्तर लिहितेय, कारण हाच त्रास असलेल्या पुण्यातल्या आणखी दोन लॅबमधल्या ओळखीच्या मुली मला भेटल्या आणि त्याही हातानेच दुरुस्त करतायत.

एक आधीच सांगते, मी मराठीत लिहितेय म्हणून कोडचे आकडे इथे मराठीत आहेत, सॉफ्टवेअरमध्ये अर्थातच इंग्रजी आकडेच टाकायचे. त्याचाही एक वेगळा घोळ होतो, तो शेवटी सांगते.

सुरुवातीला आम्ही काय काय केलं ते सांगते म्हणजे तुमचा वेळ वाचेल. कॉलम रुंद केला, काही फरक नाही. कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन तारखेचा फॉरमॅट बदलला, उपयोग शून्य. सॉफ्टवेअरच्या सपोर्टला फोन केला, त्यांनी रिमोटवर घेऊन अपडेट टाकलं, ‘आता बघा’ म्हणाले, तेव्हा बरोबर दिसलं आणि महिनाअखेरीस पुन्हा बिघडलं. मग कुणीतरी सांगितलं की कॉलम सिलेक्ट करून त्याचा फॉरमॅट ‘टेक्स्ट’ करा. केला, तर ‘मार्च-००’ जाऊन तिथे २४१०६६२ असा आकडा आला. त्या दिवशी मी खरंच घाबरले, वाटलं डेटाबेसच गेला. पण खरं सांगायचं तर उत्तर त्या आकड्यातच होतं, मला तेव्हा ते कळलं नाही एवढंच.

पहिला धागा मिळाला तो वेगळ्याच ठिकाणी. एका हॉस्पिटलमधून ऑन्कोसर्जन (कॅन्सरचे सर्जन) सरांचा फोन आला, की तुमच्या लिस्टमध्ये या महिन्यात स्तनाची एकही इन्व्हेजिव्ह (आजूबाजूला शिरलेल्या कॅन्सरची) केस कशी नाही, मीच तर चार पाठवल्यात. मी लिस्ट पुन्हा नीट बघायला बसले आणि लक्षात आलं की बिघडलेल्या सगळ्या ओळी कॅन्सरच्या आहेत. फायब्रोअ‍ॅडिनोमा ९०१०/० बरोबर, गर्भाशयाचा लायोमायोमा ८८९०/० बरोबर, कोलोनचा ट्युब्युलर अ‍ॅडिनोमा ८२११/० बरोबर. साध्या गाठी जशाच्या तशा आणि कॅन्सर तेवढे सगळे तारखा झालेले. सपोर्टचा मुलगा दर वेळी वरच्या चार-पाच ओळी बघून ‘ठीक आहे’ म्हणायचा कारण वरच्या ओळी नेमक्या साध्या केसेसच्या असायच्या.

हे असं का, ते समजायला कोडची रचना माहीत पाहिजे. ट्यूमरसाठी आपण जो आयसीडी-ओ कोड (ट्यूमरच्या वर्गीकरणाची आंतरराष्ट्रीय पद्धत) वापरतो त्याचे दोन भाग, एक जागेचा आणि एक पेशींच्या प्रकाराचा. जागेचा म्हणजे सी ५०.४ हा स्तनाचा वरचा बाहेरचा भाग, सी २० गुदाशय, असं. प्रकाराचा म्हणजे चार आकडे, मग तिरकी रेघ, मग एक आकडा. ८५००/३ मध्ये ८५०० म्हणजे डक्टल (स्तनातल्या नळ्यांचा) आणि रेघेनंतरचा ३ म्हणजे वर्तन: ० साधी गाठ, १ नक्की सांगता येत नाही अशी, २ म्हणजे इन सिटू (अजून आजूबाजूला न शिरलेला), ३ म्हणजे मूळ जागचा कॅन्सर, ६ म्हणजे दुसरीकडून पसरलेला. आता हेच ८५००/३ तारखा ओळखायची सवय असलेल्या प्रोग्रॅमच्या नजरेने बघा. चार आकडे, रेघ, एक आकडा. वर्ष आणि महिना! सन ८५००, मार्च महिना. एक्सेलला ९९९९ सालापर्यंतच्या तारखा चालतात, म्हणून त्याला ८५०० साल अजिबात खटकत नाही. आणि ८८९०/० ला तो हात लावत नाही कारण शून्यावा महिना नसतो. म्हणून साध्या गाठी वाचतात. इन सिटूचे फेब्रुवारी होतात, कॅन्सरचे मार्च, मेटास्टॅटिकचे जून. आणि तो २४१०६६२ म्हणजे १ मार्च ८५०० ही तारीख, एक्सेल आतमध्ये तारखा १९०० सालापासूनच्या दिवसांच्या मोजणीने ठेवतो.

म्हणजे बिघाड कुठे होतो? आमच्या रिपोर्टिंग सॉफ्टवेअरमध्ये नाही. ही खात्री करायची सोपी पद्धत आहे, प्रत्येकाने आधी ही करावी: सॉफ्टवेअरमधून निघालेली सीएसव्ही फाईल (स्वल्पविरामांनी कॉलम वेगळे केलेला साधा मजकूर) एक्सेलमध्ये न उघडता राईट क्लिक करून नोटपॅडमध्ये उघडा. तिथे ८५००/३ दिसलं तर फाईल बरोबर आहे, आणि ती डबल क्लिक करून उघडताना बिघडतेय. नोटपॅडमध्येच मार्च दिसला तर ती फाईल आधीच कुणीतरी एक्सेलमध्ये उघडून सेव्ह केलेली आहे, परत नवीन काढा. आमच्याकडे दोन्ही प्रकार होते, कारण एक्सपोर्ट रिसेप्शनवरच्या मशीनवर व्हायचा, तिथे फाईल ‘एकदा बघून’ सेव्ह व्हायची आणि मग माझ्याकडे यायची.

सेव्ह होणं हे नुसतं उघडण्यापेक्षा कितीतरी वाईट आहे, ते नीट समजून घ्या. नुसतं उघडलं तर आत पूर्ण तारीख असते, १ मार्च ८५००, फक्त दिसते ‘मार्च-००’ अशी. पण सीएसव्ही म्हणून सेव्ह केलं की जे दिसतंय तेच फाईलमध्ये लिहिलं जातं, म्हणजे वर्षाचे पहिले दोन आकडे कायमचे गेले. आता ‘मार्च-००’ म्हणजे ८५००/३ स्तनाचा डक्टल कार्सिनोमा, का ८२००/३ अ‍ॅडिनॉइड सिस्टिक, का ८८००/३ सार्कोमा, का ९५००/३ न्यूरोब्लास्टोमा? सगळे एकच दिसतात. ‘मार्च-२०’ तर त्याहून वाईट, ८५२०/३ स्तनाचा लोब्युलर, ८१२०/३ मूत्राशयाचा, ८७२०/३ मेलॅनोमा, तिघांचंही ‘मार्च-२०’. आणि आम्ही काय करायचो, ‘मार्च-००’ दिसलं की बहुतेक वेळा स्तनाचीच केस असते म्हणून घाईत ८५००/३ टाकायचो. एकदा मला जागेच्या कॉलममध्ये सी ०५.० दिसला, म्हणजे टाळूची बायोप्सी, आणि त्याच्यासमोर डक्टलचा कोड. तो खरं तर अ‍ॅडिनॉइड सिस्टिकचा पेशंट होता. रिपोर्ट बरोबर गेलेला होता, उपचारात काही चूक झाली नाही, पण मला त्या रात्री झोप लागली नाही, कारण आधीच्या महिन्यांत असे किती सुटले असतील ते मला सांगता येत नव्हतं. आयसीएमआरचा (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा) राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रम १९८१ पासून चाललाय, कुठल्या भागात कुठला कॅन्सर किती हे अशाच नोंदींवरून ठरतं, आणि त्यात आपल्या लॅबमधून गेलेली ओळ चुकीची असेल तर ती शोधायला पुढे कुणीच बसलेलं नसतं.

आता उपाय. तात्पुरता आधी सांगते, मग पक्का.

तात्पुरता असा की सीएसव्ही डबल क्लिक करून उघडायचीच नाही. रिकामं एक्सेल उघडा, डेटा टॅबवर जा, ‘फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही’ घ्या, फाईल निवडा. प्रिव्ह्यूची खिडकी येते, तिच्यात वर ‘डेटा टाईप डिटेक्शन’ असा ड्रॉपडाऊन असतो, तो मुळात पहिल्या २०० ओळींवरून अंदाज घेण्यावर असतो, तो बदलून ‘डू नॉट डिटेक्ट’ करा आणि मग लोड. सगळे कॉलम टेक्स्ट म्हणून येतात. जुनं एक्सेल असेल तर इंपोर्टचा विझार्ड येतो, त्यात शेवटच्या पायरीवर कोडचा कॉलम सिलेक्ट करून ‘टेक्स्ट’ करायचा. लिबरऑफिस वापरणाऱ्यांना सोपं आहे, तिथे सीएसव्ही उघडली की आधी विचारणारी खिडकी येतेच, तिच्यात खाली कॉलमच्या डोक्यावर क्लिक करून ‘टेक्स्ट’ निवडायचं. गूगल शीट्समध्ये इंपोर्ट करताना ‘कन्व्हर्ट टेक्स्ट टू नंबर्स, डेट्स’ अशी टिक असते ती काढायची, पण पेशंटची नावं असलेली फाईल आपल्या पर्सनल अकाउंटवर चढवूच नका, २०२३ चा डेटा संरक्षणाचा कायदा आहे आणि कायदा नसता तरी ते बरोबर नाही.

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगते कारण आम्ही त्यात फसलो. नव्या एक्सेलमध्ये ऑप्शन्स, डेटा, तिथे ‘ऑटोमॅटिक डेटा कन्व्हर्जन’ म्हणून चार टिका आहेत, २०२३ पासून. त्या काढल्या की तारखा होणं थांबेल असं मला वाटलं होतं. नाही थांबत. त्यातली तारखेची टिक आहे ती अक्षर आणि आकडा सलग जोडून आले तर, म्हणजे महिन्याचं इंग्रजी नाव आणि लगेच आकडा, त्यासाठी. मध्ये रेघ असलेल्या आपल्या कोडला ती लागू होत नाही. जनुकांच्या नावांचा हाच त्रास जगभर होता, सप्टेंबर-मार्चसारखी दिसणारी नावं तारखा व्हायची, शेवटी २०२० मध्ये जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीने ती नावंच बदलली. आपण आयसीडी-ओचे कोड बदलू शकत नाही. पण बाकीच्या तीन टिका काढून टाका, त्या पुढे कामाला येतात.

पक्का उपाय म्हणजे तारीख होऊ शकेल असं काही फाईलमध्ये ठेवायचंच नाही. आम्ही सॉफ्टवेअरवाल्यांना लेखी ईमेल केला (फोनवर सांगितलेलं राहून जातं) आणि मागणी केली की प्रकाराचा कोड एका कॉलममध्ये ८५०० आणि वर्तन वेगळ्या कॉलममध्ये ३, असं एक्सपोर्ट द्या. त्यांचं पहिलं उत्तर होतं की कोडच्या आधी अ‍ॅपॉस्ट्रॉफी टाकून देतो. ते घेऊ नका. सीएसव्हीमध्ये तो अ‍ॅपॉस्ट्रॉफी कोडचाच भाग होऊन जातो आणि समोरच्याच्या सॉफ्टवेअरमध्ये कोड जुळत नाही. मग ते म्हणाले एक्सएलएसएक्स, म्हणजे एक्सेलचीच फाईल, देतो. ते चालतं, पण सेलचा फॉरमॅट खरोखर ‘टेक्स्ट’ हवा. फॉरमॅट ‘जनरल’ ठेवून आत नुसता मजकूर भरला असेल तर उघडल्यावर बरोबर दिसतं, आणि कुणी त्या सेलमध्ये जाऊन एंटर मारला की लगेच मार्च. फाईंड-रिप्लेसनेही होतं, आमच्या काही जुन्या ओळींत रेघेच्या आधी स्पेस होती, ती एकदम काढायला गेले आणि तेवढे सगळे कोड डोळ्यांसमोर तारखा झाले. शेवटी दोन कॉलमचाच एक्सपोर्ट मिळाला, तीन आठवडे लागले, आणि तेव्हापासून एकही मार्च आलेला नाही. ज्यांना रेघेसकट पाहिजे त्यांना तसं पाठवताना दोन कॉलम जोडणारा एक फॉर्म्युला लावते, जोडलेला कॉलम टेक्स्टच राहतो.

जुन्या फाईली सुधारायच्या असतील तर आधी दोन ढीग करा. ज्या एक्सएलएसएक्स म्हणून सेव्ह झाल्यात त्या वाचतात: शेजारच्या कॉलममध्ये टेक्स्ट फंक्शनने चार आकडी वर्ष काढा, मंथ फंक्शनने महिना काढा, मध्ये रेघ टाकून जोडा, कोड परत मिळतो. फक्त हे ज्या सेलमध्ये खरंच तारीख आहे तिथेच लावा, इझ-नंबर वापरून तपासून, नाहीतर साध्या गाठींच्या ओळींत एरर येईल. ज्या सीएसव्ही म्हणून सेव्ह झाल्यात त्यांच्यासाठी काही जादू नाही, आणि त्यांच्यावर हा फॉर्म्युला तर चुकूनही लावू नका कारण परत उघडल्यावर ‘मार्च-००’ चं सन २००० झालेलं असतं. मूळ सॉफ्टवेअरमधून त्या महिन्याचा एक्सपोर्ट परत काढायचा, हाच मार्ग. आम्ही १८ महिन्यांचे परत काढले, जिथे फरक सापडला तिथे संबंधित हॉस्पिटलला दुरुस्त लिस्ट आणि सोबत पत्र पाठवलं. मॅडमनी स्वतः सह्या केल्या. लाज वाटण्यासारखं काही नाही त्यात, लपवणं चुकीचं झालं असतं.

हाच रोग बाकीच्या कोडिंगमध्येही आहे म्हणून थोडक्यात. क्लिनिकल पॅथॉलॉजीवाले लॉइंक (लॅबच्या तपासण्यांचे कोड) वापरतात, त्यात सीरम ग्लुकोज २३४५-७, ते सन २३४५ चा जुलै होतं. हिमोग्लोबिन ७१८-७ मात्र वाचतं कारण १९०० च्या आधीचं साल एक्सेलला चालत नाही. क्रिएटिनिन २१६०-० पण वाचतं, शून्यामुळे. म्हणजे तिथेही काही ओळी बिघडतात, काही नाही, आणि बघणारा गोंधळतो. आयसीडी-११ मध्ये (आजारांच्या कोडची आंतरराष्ट्रीय यादी) १ई५० म्हणजे अक्यूट व्हायरल हिपॅटायटिस, मधल्या ई मुळे एक्सेल त्याला एकावर पन्नास शून्य असा राक्षसी आकडा समजतो, त्यासाठी वर सांगितलेल्या चारपैकी ई ची टिक काढायची. आणि स्नोमेड सीटी या वैद्यकीय संज्ञांच्या कोशाचे आयडी १८ आकड्यांपर्यंत असू शकतात, एक्सेल आकडा म्हणून १५ च धरतो आणि पुढचे सगळे शून्य करतो. ते चटकन लक्षात येत नाही, पण स्नोमेडच्या आयडीचा शेवटचा आकडा हा तपासणीचा आकडा असतो, त्यामुळे सॉफ्टवेअरला तो तपासायला लावला तर बिघडलेले बहुतेक पकडले जातात. स्नोमेड सीटी भारतात वापरायला फुकट आहे, आणि त्याचं राष्ट्रीय केंद्र आपल्या पुण्यातच सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेत आहे, हे मला इतकी वर्षं या कामात राहून माहीत नव्हतं. नवीन सॉफ्टवेअर घेताय तर विक्रेत्याला याबद्दल नक्की विचारा.

आता एक असा प्रकार जो एक्सेलचा नाहीये, आणि माझ्या मते तो जास्त गंभीर आहे. पहिला रिपोर्ट जातो डक्टल कार्सिनोमा इन सिटू, कोड ८५००/२. मग डीपर सेक्शन्स (त्याच तुकड्याचे आणखी खोल काप) किंवा आयएचसी (अँटिबॉडी वापरून रंगवायची तपासणी) होतं, मॅडमना इन्व्हेजन दिसतं, त्या पुरवणी रिपोर्ट म्हणजे अ‍ॅडेंडम देतात. मजकूर बदलला, पण कोड पहिल्या साईन-आउटलाच लॉक झालेला असतो, तो /२ च राहतो. लिस्टमध्ये ती पेशंट इन सिटूमध्ये मोजली जाते. तारीख झालेला कोड निदान डोळ्याला खटकतो, हा अजिबात खटकत नाही. आम्ही आता सॉफ्टवेअरमध्ये असं करून घेतलंय की अ‍ॅडेंडम साईन करताना कोडची खिडकी परत उघडतेच, ‘तोच ठेवायचा’ असं निवडल्याशिवाय पुढे जात नाही. ज्यांच्याकडे हे होत नसेल त्यांनी महिन्यातून एकदा अ‍ॅडेंडम असलेल्या केसेस फिल्टर करून कोड आणि शेवटचं निदान शेजारी ठेवून वाचावं. आमच्याकडे महिन्याला अशा पंधरा-वीस केसेस निघतात, अर्धा तास लागतो, मी चहाच्या आधी तेच करते.

आणि मराठी आकड्यांचं राहिलं. आमच्याकडे पेशंटचं नाव मराठीतही टाकतात, त्यासाठी कीबोर्ड मराठी केला जातो आणि काही मराठी कीबोर्डवर आकडेही देवनागरीच उमटतात. परत इंग्रजीवर यायला विसरलं की जागेच्या कोडमध्ये अक्षर इंग्रजी आणि आकडे मराठी असं जातं. माणसाला वाचता येतं, सॉफ्टवेअरला जुळत नाही, आणि केस ‘कोड नाही’ मध्ये पडते. तसंच शून्याऐवजी इंग्रजी ओ अक्षर. (आयसीडी-११ मध्ये ओ आणि आय ही अक्षरं यासाठीच टाळलीत.) यावर कोड टाईप करूच न देणं, यादीतून निवडायला लावणं हाच उपाय आम्हाला लागू पडला.

लिस्ट पाठवायच्या आधी मी आता तीन गोष्टी बघते, फार तर पाच मिनिटं. एक, प्रकाराच्या कॉलममध्ये चार आकड्यांशिवाय दुसरं काही आहे का, फिल्टरचा ड्रॉपडाऊन उघडला की लगेच दिसतं. दोन, वर्तनाच्या कॉलममध्ये ३ किती आहेत, आणि मॅडमच्या रजिस्टरमध्ये त्या महिन्यात मॅलिग्नंट म्हणून लाल पेनने खूण केलेल्या किती आहेत, दोन्ही आकडे जुळले पाहिजेत. तीन, जागा स्तन आणि प्रकार मेलॅनोमा, किंवा टाळू आणि डक्टल, अशी न शोभणारी जोडी कुठे आहे का, हे नुसतं डोळ्याने. मागच्या महिन्यात रजिस्टरमध्ये ४१ होते आणि लिस्टमध्ये ४०. शोधलं तर एक ब्लॉक (मेणात बसवलेला तुकडा) बाहेर सेकंड ओपिनियनला गेलेला होता, त्याचा रिपोर्ट अजून साईन व्हायचा होता. तो लिस्टमध्ये नसणं बरोबर होतं, मी रजिस्टरमध्ये तशी नोंद केली आणि लिस्ट पाठवली.